फाटकावरचे बहात्तर तास

माझा मोठा भाऊ रेल्वेत गेटमन होता. बदलापूर सोडून कर्जतकडे निघालं की त्याचं फाटक लागायचं. रुळांच्या एका अंगाला वीटभट्ट्या आणि अर्धवट इमारती, दुसऱ्या अंगाला भातखाचरं आणि डोंगराच्या पायथ्याशी दोन वाड्या. वाड्यांना मोठ्या रस्त्यावर यायला हाच जवळचा मार्ग. फाटकाच्या खोलीत एक फोन, एक नोंदवही, दोन बावटे, एक हातदिवा आणि एक स्टूल. दादाने तिथे नऊ वर्षं काढली होती.

हे फाटक रस्त्यासाठी नेहमी बंद असायचं. कुणी वाहन घेऊन आलं की दादा स्टेशन मास्तरला फोन लावायचा. मास्तर दोन्ही बाजूंच्या गाड्या बघून एक आकडा सांगायचा. तो वहीत लिहायचा, मगच कुलूप काढायचं. वाहन पलीकडे गेलं की फाटक बंद, कुलूप, पुन्हा फोन, पुन्हा आकडा. एका ट्रॅक्टरमागे एवढं सगळं. फाटक जुनं होतं, सिग्नलशी जोडलेलं नव्हतं. फाटक उघडं असलं तरी गाडीला ते कळणार नव्हतं.

ड्यूटी बारा तासांची, आठ ते आठ. दोन गेटमन होते, दर आठवड्याला दिवस-रात्र बदलायची. रेल्वेच्या नियमात कामाचे प्रकार पाडलेले आहेत. सलग काम असेल तर आठ तास. अधूनमधून काम असेल, म्हणजे ड्यूटीतला निम्म्याहून जास्त वेळ हात रिकामे असतील, तर बारा. दादाचं फाटक दुसऱ्या प्रकारात होतं. ते तसं ठरलं तेव्हा वाड्यांमध्ये दोन बैलगाड्या आणि सायकली होत्या. आता सहा आसनी रिक्षा, टेम्पो, भट्टीचे ट्रॅक्टर, शाळेची व्हॅन आणि मोजता न येणाऱ्या मोटारसायकली होत्या. युनियनने तिसऱ्या माणसाची मागणी दोनदा केली होती. ती दोन्ही वेळा फाईलमध्येच राहिली.

एका रविवारी दुपारी दादा आणि वहिनी माझ्याकडे बदलापुरात, हेंद्रेपाड्यात जेवायला आले. जेवण झाल्यावर वहिनी आत भांडी आवरत होती तेव्हा त्याने हळू आवाजात सांगितलं.

"मंगळवारी मी फाटक उघडलं. फोन न करता."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"साडेसहा-सात वाजले असतील. टेम्पो आला. वहीत आधीचा आकडा होता, तोच आत्ता घेतलाय असं वाटलं. लिहिला पण परत. कुलूप काढलं, दांडा वर केला. टेम्पोवाल्याचं इंजिन बंद पडलं म्हणून बरं. तो चालू करत होता आणि मला रुळाचा आवाज आला."

"मग?"

"मग काय? खाली घेतला दांडा. मेल गेली. टेम्पोवाला म्हणाला, काय मामा, उघडता का बंद करता?"

"कुणाला सांगितलंस?"

"तुला."

मी वर्तमानपत्रात काम करते. त्या क्षणी माझ्याकडे एक बातमी होती आणि ती छापली तर माझा भाऊ निलंबित होणार होता. मी ती छापली नाही. टेम्पो आला तेव्हा त्याच्या ड्यूटीचा अकरावा तास चालू होता, हे मी मनात नोंदवलं. आठ तासांची ड्यूटी असती तर तो तेव्हा घरी असता.

आमचं कार्यालय उल्हासनगरमध्ये एका कापडाच्या दुकानावर आहे. त्याच महिन्यात मी रेल्वेच्या प्रवासी तोट्यावर मोठा लेख लिहिला होता. तिकिटाच्या पैशातून प्रवासाचा खर्च निघत नाही, उरलेला भार मालवाहतूक आणि सरकार उचलतं, तिकिटाच्या तळाशीही तशी ओळ छापलेली असते, वगैरे. खर्चात मोठा वाटा पगार आणि पेन्शनचा, हे वाक्य त्यात होतं. वाक्य बरोबर होतं. लेख आल्यावर पासधारकांचे फोन आले. एकजण म्हणाला, "मॅडम, आम्ही काय भीक मागून प्रवास करतो का?" खालच्या दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे साईं म्हणतो, जिन्यात भेटले. "मॅडम, रेल्वे बोलती है घाटा मेरा, पासवाला बोलता है घाटा मेरा. बाबा, इतना घाटा है तो गाडी खाली क्यों नहीं जाती?"

दादाने लेख वाचला होता. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे आम्ही तोटा."

"मी तसं लिहिलेलं नाही."

"लिहिलंस तू बरोबर. मी वाचलं तसं."

युनियनच्या तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. प्रवासी वाहतूक तोट्यात असल्याने नवीन पद देता येणार नाही. मात्र कामाचं प्रत्यक्ष मोजमाप करून सलग काम सिद्ध झालं तर विचार होईल. या मोजमापाला रेल्वेत जॉब अ‍ॅनालिसिस म्हणतात. तपासनीस बहात्तर तास फाटकावर बसतो. गेटमन काय करतो, किती मिनिटं करतो आणि किती मिनिटं काहीच करत नाही, हे कागदावर लिहितो. शेवटी प्रत्येक गेटमनची त्याच्या पाळ्यांच्या नोंदींवर सही घेतो. त्या कागदावर आठ तास की बारा, हे ठरतं.

दादाला आठवडाभर आधी कळलं. त्याची दिवसपाळी होती. युनियनच्या माणसाने त्याला बजावलं होतं की कुणालाही मुद्दाम बोलावू नकोस, नेहमीसारखं चालू दे, नेहमीची वाहतूकच पुरेशी आहे. दादाने कुणालाच बोलावलं नाही. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलं, "सोमवारपासून साहेब बसणार आहे वही घेऊन. जरा नीट वागा." दांड्याखालून मोटारसायकल वाकवून नेणं, हॉर्न मारणं, शिव्या घालणं हे तीन दिवस नको, एवढाच त्याचा अर्थ होता.

तपासनीस पन्नाशीचे, सौम्य गृहस्थ होते. स्वतःची खुर्ची, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन आले. रात्री त्यांच्या जागी त्यांचा सहाय्यक बसायचा. दादाने चहा पुढे केला तर हात जोडले. "नको, तुमच्या चहाचा एक घोट पण कागदावर येतो."

पहिल्या दिवशी संध्याकाळी दादाने फोन केला. "बाय, आज कायतरी झालंय. सकाळपासून नऊ वाहनं."

"रोज किती असतात?"

"रोज नऊ तर आठ ते साडेआठ जातात."

दुसऱ्या दिवशी सात. त्यातली दोन भट्टीवर नवीन आलेल्या ड्रायव्हरची. दादाने गाड्यांना बावटे दाखवले, वही नीट केली, फाटकाला तेल घातलं, खोली दोनदा झाडली. उरलेला वेळ उभा राहिला. बसलं तर रिकामं दिसेल म्हणून उभा राहिला. तपासनिसांनी लिहिलं, 'उभा, काम नाही.'

तिसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि वहिनीने दिलेला डबा घेऊन दुपारी बाराच्या सुमारास फाटकावर गेले. दादाचा चेहरा पाहून मला त्याला काही विचारावंसं वाटलं नाही. तपासनीस मला म्हणाले, "मॅडम, बाहेरची व्यक्ती गेटरूममध्ये नको, प्लीज." मी पलीकडे शिरीषाच्या झाडाखाली उभी राहिले. ते स्वतःच थोड्या वेळाने पाय मोकळे करायला तिकडे आले.

"तुमचा लेख वाचला होता," ते म्हणाले. "चांगला होता, आकडे व्यवस्थित. तोट्याचं कुणी समजावून सांगत नाही."

"हे मोजमाप कसं चाललंय?"

"ते मी सांगू शकत नाही." मग रुळांकडे बघत म्हणाले, "पण एवढं शांत गेट मी बऱ्याच वर्षांत बघितलं नाही."

ते गेल्यावर मी चालत वाडीकडे निघाले. वाहनाला फाटक लागतं, पायी माणसाला नाही. खाचरांच्या बांधावरून वीस मिनिटांची वाट. वाडीच्या तोंडाशी चिंचेखाली सहा आसनी रिक्षा उभी होती आणि तिचा मालक मागच्या सीटवर पाय पसरून पडला होता. हा रोज दहा-बारा फेऱ्या मारायचा. मला ओळखत होता. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी करवंदं निवडत बसली होती.

"आज फेरी नाही?" मी विचारलं.

"लांबून मारली एक. पुलाखालून. तेल जास्त जातं, म्हणून मग पडलो."

"पुलाखालून कशाला? फाटक आहे ना?"

तो उठून बसला. "फाटकावर साहेब बसलाय ना, ताई. वही घेऊन."

"मग?"

म्हातारीने करवंदावरून मान वर केली नाही. तीच बोलली. "मग काय? आमी ठरवला सगल्यांनी. तीन दिस कोनी फाटकावर नाय जायचा. आमची पोरा कशी हायत तुला म्हाईत नाय. एक हॉर्न मारील, एक खालून घुसील. आन् त्या साहेबाना लिवला त? मामाची नोकरी जायची. आमच्यापायी कशाला?"

"भट्टीवाल्यांना पण सांगितलं," रिक्षावाला म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "शाळेच्या व्हॅनला पण. एक माणूस नाही जाणार. मामाची एक चूक पण नाही सापडणार साहेबाला."

मी ओट्यावर बसले. पाणी मागितलं. म्हातारीने तांब्या दिला.

इथे मला एक गोष्ट सरळ लिहायची आहे. मी गप्प बसू शकले असते. युनियनने मुद्दाम कुणाला बोलावू नका असं सांगितलं होतं. मोजमापाच्या काळात बाहेरच्या माणसाने वाहतूक वाढवणं म्हणजे पुराव्यात हात घालणं, हे मला कळत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची बातमी केली असती. पण कागदावर जे लिहिलं जात होतं ते शब्दशः खरं असूनही खोटं होतं, हेही मला कळत होतं. आणि अकरावा तास फक्त मला माहीत होता.

मी त्यांना समजावून सांगितलं. साहेब चुका शोधायला बसलेला नाही. काम मोजायला बसलाय. काम कमी दिसलं तर मामाला बाराच तास राहणार.

रिक्षावाला सीटवरून खाली उतरला. "म्हणजे आम्ही त्याची वाट लावली?"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"अगो बाय माझे," म्हातारी म्हणाली आणि करवंदांची टोपली बाजूला सरकवली. "तो बोलला का नाय सरल? नीट वागा, नीट वागा. आमी नीट वागलो!"

"रोज जसे जाता तसेच जा," मी म्हणाले. "एवढंच." हे वाक्य मी दोनदा म्हणाले. ते कुणीच ऐकलं नाही.

मी परत फाटकावर पोचले तेव्हा तीन वाजायला आले होते. सव्वातीनच्या सुमारास पहिली रिक्षा आली. तिच्यामागे व्हॅन. व्हॅनमागे दोन टेम्पो, चार मोटारसायकली. भट्टीच्या बाजूने तीन ट्रॅक्टर, त्यातला एक पूर्ण रिकामा. दहा मिनिटांत दोन्ही अंगांना रांगा लागल्या. माणसं घाईने आली होती. एकाच्या अंगात बनियन होती. एका मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईच्या हातात अर्धवट निवडलेल्या तांदळाचं सूप होतं.

दादाने फोन लावला. मास्तरने आकडा दिला नाही. बदलापूरकडून लोकल यायची होती, कर्जतकडून मालगाडी. दादा फोन खाली ठेवून फाटकाशी येऊन उभा राहिला, किल्ली मुठीत. त्याने रांगा पाहिल्या आणि मग झाडाखाली मला पाहिलं. नजर तिथेच थांबली.

लोकल गेली. मालगाडी आली नाही. पुन्हा फोन, पुन्हा नकार. रांगेत हॉर्न सुरू झाले. पुढच्या ट्रॅक्टरवाल्याने दांड्याला टेकवून इंजिन फुरफुरवलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "मामा, उघड की! साहेबाला दाखव काम!"

हॉर्न थांबले. तपासनिसांनी पेन खाली ठेवलं. आधी ट्रॅक्टरकडे, मग दादाकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

दादा ट्रॅक्टरपाशी गेला. त्याचा आवाज चढला नाही. "मागे घे. दांड्याला लावू नको. आकडा आल्याशिवाय देव आला तरी उघडणार नाही."

ट्रॅक्टर मागे सरकला. मालगाडी यायला पंधरा मिनिटं लागली. दादा हिरवा बावटा धरून उभा राहिला. शेवटचा डबा गेल्यावर फोन, आकडा, वही, किल्ली. त्याने दोन्ही बाजूंची वाहनं एकेक करून सोडली, दांडा खाली घेतला, कुलूप लावलं, फोन केला. नंतर पावणेसातपर्यंत फाटक अखंड चालू होतं. लोक खरंच कामाला निघाले की पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत होते, ते मला सांगता येणार नाही. रिकामा ट्रॅक्टर मात्र तीनदा गेला.

ड्यूटी संपायला थोडा वेळ असताना तपासनिसांनी दादाला आत बोलावलं. मला दारात उभं राहू दिलं.

"ह्यांना कुणी बोलावलं?"

मी तोंड उघडलं. दादाने हात वर करून मला थांबवलं. "बोलावलं नाही साहेब. तीन दिवस यायचे थांबले होते. मला त्रास नको म्हणून. आज कळलं त्यांना."

"असं असू शकतं," तपासनीस म्हणाले. "पण मी कागदावर कसं आणू? दुपारचं सगळं मला 'असामान्य वाहतूक' म्हणून काढावं लागेल. ते काढलं की काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे." त्यांनी कागद पुढे केला. "सगळ्या नोंदी बघा. एखादी चुकीची असेल तर सांगा, आत्ता दुरुस्त करतो."

दादाने पानं वाचली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. वाचायला बराच वेळ लागला. "चुकीची एकही नाही," तो म्हणाला.

"मग सही करा. वर शेरा लिहायची जागा आहे. काही म्हणायचं असेल तर लिहा."

दादाने पेन घेतलं. वाड्यांबद्दल तो दोन ओळी लिहील असं मला वाटलं. तो लिहीत राहिला. जागा संपली तेव्हा पान उलटून मागे लिहिलं. लिहून झाल्यावर कागद तपासनिसांकडे दिला. ते वाचत असताना त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, त्याने टेम्पोचं लिहिलं होतं.

"अकराव्या तासाला," त्यांनी एवढंच मोठ्याने वाचलं. मग कागद खाली ठेवला. "हे तुम्ही कुणाला रिपोर्ट केलं होतं?"

"नाही."

"मी हा कागद बदलून देऊ शकतो. दुसरा फॉर्म आहे माझ्याकडे. नोंदी परत उतरवीन, अर्धा तास लागेल. तुम्ही वाड्यांचं तेवढं लिहा." ते खाली बघून बोलत होते. "मी हे वाचलेलं नाही असं होऊ शकतं."

"दादा," मी म्हणाले.

"तू गप," तो म्हणाला. मग तपासनिसांना, "साहेब, तीन दिवसांत तुम्ही माझा रिकामा वेळ लिहिला. तो खरा आहे. हे पण खरंच आहे. राहू दे."

त्याने सही केली.

आम्ही दोघं मोटारसायकलवरून बदलापुरात आलो. घराखाली गाडी लावताना म्हणाला, "तुझ्या वहिनीला मी सांगतो. तू नको सांगू."

आरोपपत्र दोन आठवड्यांत आलं. परवानगीशिवाय फाटक उघडणं, वहीत खोटी नोंद करणं, घटना न कळवणं. तिन्ही आरोप त्याच्याच शेऱ्यावर आधारलेले होते. शेरा नसता तर वहीत दोनदा लिहिलेला आकडा कुणी तपासलाही नसता. युनियनचा माणूस घरी येऊन वहिनीसमोर त्याला म्हणाला, "अरे शहाण्या, आमच्याकडे माणसं पुरावे असून कबूल करत नाहीत!" दादाची वेतनवाढ रोखली आणि त्याला फाटकावरून काढून गँगमध्ये, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत टाकलं.

पण शेरा कागदावर होता आणि तो कागद वरपर्यंत गेला. सुरक्षेचा मुद्दा लेखी आल्यावर तो फाईलमध्ये ठेवून देणं कुणालाही सोपं नसतं. फाटकाचं मोजमाप पुन्हा झालं, या वेळी कुणालाही न कळवता. वाडीतल्या लोकांना साहेब बसल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, तोपर्यंत ते हॉर्न मारून मोकळे झाले होते. काम सलग ठरलं. तिसरं पद मंजूर झालं. फाटकावर आता तीन माणसं आहेत, आठ-आठ तासांची.

मी त्या सगळ्याची बातमी केली नाही. माझ्या भावाची बातमी मी लिहू शकत नाही, असं मी संपादकांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं. दुसऱ्या कुणीही ती लिहिली नाही.

गँगची ड्यूटीही आठच तासांची असते, फक्त उन्हात. पन्नाशीला आलेला माणूस घण, पहार आणि पाण्याचा कॅन घेऊन मैलभर चालतो. मागच्या उन्हाळ्यात त्याची टोळी त्या फाटकापाशी काम करत होती. मी डबा घेऊन गेले. खोलीत एक तरुण गेटमन होता, दादाला ओळखत नव्हता. रिक्षावाल्याने फाटक उघडायची वाट बघताना दादाला पाहिलं, खाली उतरला आणि त्याच्या हातातली पहार घ्यायला लागला.

"सोड," दादा म्हणाला. "माझी ड्यूटी आहे."

"किती वाजेपर्यंत, मामा?"

"चार."

"मग चारला येतो. घरी सोडतो."

तरुण गेटमनला आकडा मिळाला. दांडा वर गेला. रिक्षावाला पळत जाऊन गाडीत बसला आणि रूळ ओलांडून गेला. दादाने पुन्हा खडी सारखी करायला घेतली.